रॉकेलच्या रांगेत रहस्यकथा

हातात पुस्तक असलं की मला कुठंही, कितीही वेळ थांबवा, माझी तक्रार नसते. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात थांबण्याच्या जागाही भरपूर होत्या. फक्त रॉकेलच्या रांगेत रहस्यकथा घेऊन जाऊ नये, हे मला एका सकाळी शुक्रवार पेठेत कळलं.

त्या दिवशी घरी सासुरवाडीची माणसं जेवायला यायची होती आणि स्टोव्हमध्ये थेंब नव्हता. रेशन दुकानापुढं रांगेत माणसं नसत, डबे असत. आपला डबा ठेवायचा नि समोरच्या कट्ट्यावर सावलीला बसायचं. मी बसलो, पुस्तक उघडलं. दुसऱ्याच प्रकरणात एकाला विष घातलेलं. तिथून पुढं मला कुणाचाच भरवसा वाटेना.

शेजारी एक फेटेवाला बसला होता. मंद्रूपकडचा, गिरणीत कामाला लागलेला. मी पान उलटलं की तो बोटभर जवळ सरके. मधेच उठून रांगेकडं जाई, खाली वाके आणि परत येऊन मला चिकटे. तिसऱ्या खेपेला मी पुस्तकाआडून पाहिलं, तर गृहस्थाचा हात माझ्या डब्यावर! मी ताडकन उठलो, डबा उचलून आणला आणि दोन गुडघ्यांत आवळून पुढं वाचू लागलो. गुन्हेगार पकडल्याचा आनंद काय सांगू!

तो बघतच राहिला. "आवो मास्तर, डबा का काडला?"

"माझा आहे म्हणून."

"तुमचाच हाय की! रांग सरकली की तुमचा बी फुडं ढकलत हुतो. तुमी उटला तर पुस्तक मिटनार, मग मला फुडचं कसं कळावं?"

म्हणजे गृहस्थ माझ्या खांद्यावरून वाचत होता.

मी डबा घेऊन रांगेकडं पळालो. जागा केव्हाच बुजली होती. "घरी पाहुणे येणारेत हो," मी काकुळतीला आलो.

"डबा उचलला की नंबर गेला," मागची बाई म्हणाली. "जावा शेवटाला, बसा वाचत!"

सगळे हसले. तेवढ्यात फेटेवाला पुढं आला. "त्येंचा डबा माज्याच फुडं हुता. मी सोता ढकलत हुतो." कुरकुरत का होईना, मला जागा मिळाली.

माझा डबा भरला आणि दुकानदारानं माप पालथं घातलं. संपलं! फेटेवाला गप्प बसला असता तर हे रॉकेल त्याचं होतं. मी मान खाली घालून दहा पावलं गेलोसुद्धा. मग मात्र पाय उचलेना. परत फिरलो आणि त्याच्या डब्यात ओतू लागलो. निम्मं व्हायच्या आतच त्यानं हात आडवा धरला.

"बास की. तुमच्याकडं पावनं हायती."

एवढ्यावर त्यानं मला का थांबवलं असेल, याचाही मला घरी पोचेपर्यंत संशय येत होता.