सर्व्हरला घातलेला हार
झेंडूचा वास आला की मुलुंडचं आमचं रक्तदात्यांचं ऑफिस आठवतं. दात्यांची नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरमध्ये माझ्या मित्राने दोन डिस्क बसवल्या होत्या, एकीवर असेल तेच दुसरीवर. "एक गेली तरी दुसरी आहे ना रे!" तो म्हणायचा. दसऱ्याला पूजेनंतर कोणीतरी सर्व्हरला जाडजूड हार घातला. पंख्याची जाळी झाकली गेली आणि दुपारी दोन्ही डिस्क तापून एकदमच बंद पडल्या. तेवढ्यात एका बाईंचा फोन आला, मुलीसाठी दुर्मीळ गटाचं रक्त हवं होतं. "वाट लागली यार," म्हणत मित्र पुन्हापुन्हा बटण दाबत होता. "सापडलं का हो कोणी?" बाई विचारत राहिल्या. थोड्या वेळाने फोन करा, म्हटलं मी. आता दात्यांच्या यादीची एक प्रत दहिसरला, मित्राच्या घरी असते. त्या बाईंचा फोन अजून आलेला नाही.