मास्तरांचा थायरॉईड

मास्तरांनी माझ्या टेबलावर नवा कोरा शर्ट पसरला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या.

"डॉक्टर, तीस वर्षं कात्री चालवतोय. असं कधी झालं न्हाय. डोस्कंच चालंना झालंय. या महिन्यात दुकान बंद करतोय."

बाजूला मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, डोळे पुसत बसल्या होत्या. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मास्तरांसारखा शर्ट कुणी शिवत नाही. माझेही तेच शिवतात, त्यामुळे मला दुप्पट वाईट वाटलं.

चार महिन्यांपूर्वी मीच त्यांचा थायरॉईड पकडला होता. ही गळ्यातली छोटी ग्रंथी. तिचं हार्मोन कमी पडलं की सगळं शरीर सुस्तावतं, डोकंसुद्धा. लक्ष लागत नाही, हातातलं काम विसरायला होतं. टीएसएच म्हणजे त्या ग्रंथीला वरून, मेंदूकडून गेलेली हाक. ग्रंथी ऐकेना की हाक मोठी होते, रिपोर्टातला आकडा चढतो. मी गोळी सुरू केली. आकडा ढिम्म. डोस वाढवला, तरी ढिम्म.

"मास्तर, खरं सांगा. गोळी चुकवताय?"

मास्तर भडकले. "एक दिस चुकवली न्हाय. तुम्हीच म्हणालासा की, सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणून."

"पाण्याबरोबर ना?"

"पाणी कशाला? दूधकट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून देत्यात. मोठा ग्लास भरून. गोळी त्याच्यासंगंच. अंगाला लागाय नको?"

मी कपाळावर हात मारला. दुधातलं कॅल्शियम ही गोळी धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊच देत नाही. चूक माझीच. कोल्हापुरात प्रॅक्टिस करतो आणि दुधाचं विचारलं नाही.

"उद्यापासून गोळी नुसत्या पाण्याबरोबर. दूध चार तासांनी."

"चार तास म्हस थांबती व्हय?"

"मग संध्याकाळी जावा," काकूंनी निकाल दिला.

आता गोळी पुरती लागणार, म्हणून वाढवलेला डोस मी खाली आणला. दोन महिन्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला. दुकान चालूच राहिलं. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी दोन शर्ट शिवायला टाकले. मास्तरांनी टेप लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"मागच्यापरीस दीड इंच जास्त भरतंय पोट. तुमचाबी थायरॉईड बघून घ्या की."

आता मी प्रत्येक पेशंटला गोळी कशाबरोबर घेता, हे आधी विचारतो. माझाही थायरॉईड तपासून घेतला. नॉर्मल निघाला. पोटाला जबाबदार मीच.