प्रतापगडच्या पायऱ्यांवर बोललेलं खोटं

हे लिहिताना अजूनही मान खाली जाते. पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतःच्या लेकीशी मात्र महिनाभर खोटं बोललो. देवावर माझी श्रद्धा होती. पण देव माझ्याच बाजूनं आहे असं मी धरून चाललो होतो, आणि त्यालाच श्रद्धा समजत होतो.

सडक अर्जुनीच्या पलीकडे आमचं गाव. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधलेला, त्यामुळे आमच्या घरात काय चाललंय याकडे सगळ्यांचं लक्ष. एकुलती एक मुलगी इंजिनिअर झाली, पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेली. दोन वर्षांनी एका सकाळी तिचा फोन आला. सोबत शिकणाऱ्या डॅनियल नावाच्या तिथल्याच मुलाशी तिनं कोर्टात लग्न केलं होतं. आधी सांगितलं असतं तर मी होऊ दिलं नसतं, हे ती जाणून होती. तिची आई रडली आणि मग डोळे पुसून जावयाचा फोटो मागू लागली. मी उठून शेतावर निघून गेलो. गावात कोणी विचारलं की सांगायचो, "शिकूनच राहिली अजून."

तिच्या विद्यार्थी व्हिसाची मुदत संपत आली होती. एक तर भारतात परत येऊन मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतून व्हिसा मिळण्याची वाट पाहायची. त्यात वर्ष-दीड वर्ष नवऱ्यापासून दूर राहणं आलं. नाही तर नवरा तिथला नागरिक म्हणून तिथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा. मात्र मग प्रवासाची परवानगी हाती येईपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला तर अर्ज बाद. तिनं तिथेच राहून अर्ज केला. पण जन्माचा दाखला जोडलेला नव्हता. पासपोर्ट तर शाळेच्या दाखल्यावर निघाला होता. तिथल्या कार्यालयाचं पत्र आलं, की मुदतीत दाखला पाठवा, नाही तर अर्ज नामंजूर होऊ शकतो.

"बाबा, तेवढं ग्रामपंचायतीत जाऊन या ना," ती फोनवर म्हणाली. मी हो म्हणालो आणि गेलोच नाही. ग्रामपंचायत घरापासून पाच मिनिटांवर आहे. पुढच्या फोनला सांगितलं, ग्रामसेविका सुट्टीवर आहे. त्याच्या पुढच्या वेळी सांगितलं, जुनं रजिस्टर सापडत नाही. अर्ज फेटाळला जाईल, मुलगी परत येईल, लग्न आपोआप तुटेल, असा माझा हिशेब होता. बायको म्हणाली, "मीच जाऊन येतो," तर तिच्यावर खेकसलो. तिकडे पोरगी रोज मुदतीचे दिवस मोजत होती, आणि मी जेवून स्वस्थ झोपत होतो.

आठ दिवस उरले तेव्हा मी नारळ घेऊन आमच्याच भागातल्या प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाकडे गेलो. तिचं काम होऊ देऊ नकोस, असं मागायला. हो, हेच मागायला. ऊन कडक होतं. अर्ध्या पायऱ्या चढलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्याच वयाची एक बाई पदर ओला करून माझ्या डोक्यावर धरून बसली होती. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी मला पाजलं.

"भाऊ, एवढ्या उन्हात एकटेच कायले चढून राहिले? काय मांगाले आले देवाले?"

खरं सांगायची लाज वाटली. "पोरीचं काम अडलंय अमेरिकेत," मी म्हणालो, "ते व्हावं म्हणून आलो."

"मंग तुमी बसा अथीच सावलीत. मी मांगतो तिच्यासाठी. नाव काय पोरीचं?"

मी नाव सांगितलं. कित्येक आठवड्यांनी ते माझ्या तोंडून निघालं होतं. ती माझा नारळ घेऊन वर गेली. मी तिला थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. अर्ध्या तासानं ती फोडलेला नारळ आणि एक बेलाचं पान घेऊन आली. "घ्या. होते तिचं काम. आता घरी जा."

"आणि तुमचं मागणं?" मी विचारलं.

"माह्यं रोजचंच हाय," ती हसली. "देवाले पाठ हाय ते."

ती पायऱ्या उतरून गेली. मी तिथेच बसून रडलो. मी जे मागायला आलो होतो ते ओठांतच राहिलं होतं आणि माझं खोटं एका भल्या बाईच्या तोंडून खरं होऊन देवापर्यंत पोचलं होतं. वर जाऊन दर्शन घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

मिळेल त्या गाडीनं परतलो आणि थेट ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेविकेनं कपाट उघडलं, दहा मिनिटांत नोंद सापडली. "गुरुजी, हे तं इथंच होतं," ती म्हणाली. "कोणी मागितलंच नाई." नोंदीखाली खबर देणाऱ्याची सही होती. ती माझी होती. बारसं झाल्यावर सायकलनं येऊन, कौतुकानं लेकीचं नाव मीच लिहून घेतलं होतं. त्या वळणदार सहीकडे मला बघवेना.

दाखला त्याच संध्याकाळी फोनवरून तिकडे गेला. मग मी तिला सगळं सांगितलं. रजिस्टर हरवलं नव्हतं, ग्रामसेविकाही सुट्टीवर नव्हती, सगळं. मग ती म्हणाली, "बाबा, काऊन केलं असं?" ती रडत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "जेवले का?"

काही महिन्यांनी मुलाखत झाली, कार्ड आलं. यंदाच्या थंडीत दोघं घरी येऊन गेली. लेक पूर्वीसारखी मोकळी बोलत नाही. तो तिचा हक्क आहे. त्या बाईचं गाव सोडा, नावही मी विचारलं नव्हतं. नंतर चारदा प्रतापगडला गेलो, ती दिसली नाही. ती कोण होती याचा शोध मी आता सोडून दिलाय. पायऱ्या चढून वर जातो, हात जोडतो आणि काही मागत नाही. आपल्याला मागायचं कळत नाही, हे मला माझ्याच नारळानं शिकवलं. त्या दिवशी महादेवानं माझं ऐकलं नाही, म्हणून माझी लेक मला अजून बाबा म्हणते.