गोड बोलू की टोमणा मारू

हडपसरला आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी मुलींना राहायला देते. सध्या दोघी आहेत, दोघी एमबीएच्या. एक लातूरकडची, एक जळगावची. मला दोघी आजी म्हणतात.

लातूरची मागच्या वेळी स्टॅट्समध्ये नापास झाली. आता त्याच विषयाची परीक्षा परत आली, तसं तिचं जेवण सुटलं. ताटावर बसायची आणि पोळीचा एकच तुकडा मोडत राहायची. मी आपलं तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हटलं, "बाळा, होईल गं सगळं नीट." झालं! ढसाढसा रडायला लागली.

तेवढ्यात जळगावची आली. जवळ बसेल, समजूत घालेल, असं मला वाटलं. कसलं काय! म्हणते, "रडण्याला मार्क असते ना, तर तू गोल्ड मेडलिस्ट झाली असतीस. ऊठ, आमटी निवतेय." आणि काय सांगू, ती नाक पुसत हसली की हो! दोन पोळ्या खाल्ल्या.

मला वाटलं, बरं, असं बोलायचं असतं होय. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे लाल दिसले, तसं मी म्हटलं, "काय गं, आज पुन्हा गंगा-यमुना?" तिचा चेहरा पडला. आत जाऊन दार लावून घेतलं.

जळगावची माझ्यावरच चिडली. "आजी, तुम्ही नका ना असं बोलू. तुम्ही बोललात की ते खरं वाटतं."

"बरं, मग गोड बोलते."

"अजिबात नको! गोड बोललात की तिला घर आठवतं."

"अगं, मग मी करू तरी काय?"

"ते मला काय माहीत? मोठ्या तुम्ही आहात."

घ्या!

पेपरच्या सकाळी जळगावची लवकर निघून गेली, तिचं कॉलेज लांब. लातूरची आंघोळ न करता कॉटवर बसून. म्हणाली, "मी नाही जात." पेपर चुकला तर वर्ष जाणार, एवढं मलाही कळत होतं. पण गोड बोलायची चोरी, टोमण्याचीही चोरी. मी मेथीची जुडी घेऊन तिच्या शेजारी बसले आणि निवडायला लागले.

अर्धी जुडी निवडून झाली, तेव्हा ती म्हणाली, "आजी, बोला ना काहीतरी."

"काय बोलावं तेच कळेना झालंय गं मला."

ती ताडकन उठली. "तुम्ही ना आजी, काही कामाच्या नाही!" म्हणाली, टॉवेल ओढला, पाच मिनिटांत तयार होऊन जिना उतरलीसुद्धा.

पेपर दिला तिने. निकाल अजून यायचाय. पण ते वाक्य ती रागाने बोलली की हसत, ते काही मला उमगलेलं नाही. आणि पुढच्या पेपराला मी काय करायचं, तेही कुणी सांगत नाही.