पालखीपुढचं गाऱ्हाणं

शिमग्याची पालखी अंगणात आली. मी देवीची ओटी भरली. आमच्याकडे घरातल्यांचं मागणं गुरवच देवीला मोठ्यानं सांगतात. त्यांनी विचारलं, "वहिनी, काय सांगू? लवकर बोला, अजून वाडी फिरायचीय."

मला माझ्या मुलीला एकदा घरी आणायला सांगायचं होतं. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून हे तिचं नावही घेऊ देत नाहीत. हे शेजारीच हात जोडून उभे होते. मी म्हटलं, "सगळ्यांना सुखी ठेव म्हणावं."

"दरवर्षी एवढंच!" गुरव हसले. गाऱ्हाणं झालं, सगळे "होय महाराजा" म्हणाले आणि पालखी नाचत शेजारी गेली.

देवीला मनातलं कळतं म्हणतात. तसं असतं, तर गाऱ्हाणं मोठ्यानं कशाला घातलं असतं?