कशेडीत अडकलेली गाडी

माझ्या मामांइतकी लांब कादंबरी सबंध कोकणात कुणी लिहिली नसेल, आणि इतकी लिहूनही ती एवढीशीच पुढे नेण्याचा पराक्रम तर पृथ्वीवर कुणी केला नसेल. मामा खेडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. जन्मभर माइकवरून गाड्या पुकारलेल्या, त्यामुळे घरात नुसतं ‘जेवायला वाढा’ म्हणाले तरी शेजारची दोन माणसं पिशव्या घेऊन उठत. कादंबरी जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि विषय एकच, आपलं घर. दर रविवारी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, वाचन, तिथे आम्ही सगळ्यांनी पात्रं म्हणून हजर राहायचं. एकदा मामीच्या हातून सुकटीत मीठ जास्त पडलं, तर सातव्या प्रकरणात तिची दाढ दुखू लागली ती दहाव्यापर्यंत थांबेना. शेवटी मामी कडाडली, “अवो, उपटा ती दाढ एकदाची, नायतर उद्यापासून चाय बंद!” अकराव्याच्या पहिल्याच ओळीत दाढ पडली.

एक पात्र मात्र खळ्यात कधी आलंच नाही. थोरले मामा, म्हणजे यांचे सख्खे भाऊ, मुंबईत साहेब झाले. आडनावावरून जात कळू नये म्हणून त्यांनी आडनाव बदललं, आणि बदललेलं आडनाव टिकावं म्हणून गाव, विहार, भाऊ, सगळंच सोडलं. मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. मग मामांनी कादंबरीत त्यांना मुंबईहून एस.टी.त बसवलं, खिडकीशी, आणि गाडी कशेडी घाटापर्यंत आणली. ती तिथेच राहिली. अकरा वर्षं! खऱ्या कशेडीला बोगदा झाला, लोक विडी पेटवेपर्यंत पलीकडे पोचू लागले, यांची गाडी आपली जुन्या वळणावर.

“मामा, थोरले मामा कुठवर आले?”

“कशेडीत.”

“अहो, उतरवा की आता!”

“उतरवीन रे. उतरल्यावर पयलं काय बोलंल, ते सुचू दे.”

यंदा थोरले मामा गेले. आम्हाला कळलं चौथ्या दिवशी, तेही तिसऱ्याकडून. तेराव्याला मी आणि मामा मुंबईला गेलो. फोटोखाली नवं आडनाव होतं. त्यांच्या मुलाने हात जोडून विचारलं, “आपण कोण?” मला वाटलं, आता हा आवाज इमारत हलवणार. पण मामा उभ्या जन्मात पहिल्यांदा हळू बोलले, “ओळखीचा. खेड स्टँडवरचा.”

पुढच्या रविवारी खळ्यात गाडी घाट उतरली. खेडला लागली. थोरले मामा पायरीवरून खाली आले.

मामीने विचारलं, “काय बोलले हो दादा?”

“तो काय बोलतोय. दमलेला. मीच बोललो.”

आणि मामांनी कागद खाली ठेवला, मान ताठ केली, आणि भावाचं नाव पुकारलं. बापाच्या नावासकट, जुन्या आडनावासकट, पार जगबुडी नदीच्या पलीकडे जाईल असं.

शेजारची ती दोन माणसं उठून उभी राहिली. या वेळी पिशव्या न घेता.