पाहुणे आले आणि मी शवासनात

पाहुण्यांसमोर झोपणाऱ्या माणसाच्या मुलीचं लग्न जमत नाही, असं माझ्या बायकोचं ठाम मत आहे. त्याला पुरावा मीच दिला होता. केतकीला बघायला आलेल्या पहिल्या स्थळाने पोह्यांची बशी हातात घेतली आणि मी सोफ्यावर बसल्याबसल्या घोरायला लागलो. (नुसता घोरलो असतो तर चाललं असतं. मध्येच माझा श्वास अडकायचा आणि तो परत येईपर्यंत मुलाची आई चमचा हवेत धरून थांबायची.) दुसऱ्या दिवशी नकार आला.

डॉक्टर म्हणाले, स्लीप अ‍ॅप्निया. झोपताना नाकातोंडावर मास्क लावायचं मशीन त्यांनी दिलं. पण मास्क चढवला की मला घुसमटायचं. पाच मिनिटांत काढून फेकायचो आणि दिवसभर पेंगायचो. "दुपारी मास्क लावून पडा, अंग सैल सोडायचा सराव करा, भीती जाईल," असं त्यांनी सुचवलं.

दुसरं स्थळ घोडबंदर रोडचं. केतकी त्या मुलाला ठाण्यात दोनदा भेटली होती आणि तो तिला मनापासून आवडला होता. त्यामुळे त्या रविवारी बायकोने सकाळीच फर्मान काढलं.

"अहो, ते साडेपाचला येतायत. जेवलात की मशीन लावून नीट झोपून घ्या. आज पेंगलात ना, तर पुढच्या वेळी मुलीचे वडील गावाला गेलेत म्हणून सांगेन."

बेडरूममध्ये साड्यांचा ढीग पडला होता, म्हणून मी हॉलमध्ये देवघरासमोर चटई टाकली. पांढरा बनियन, पांढरा लेंगा, गळ्यापर्यंत पांढरी चादर. मास्क लावला. मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमधली बाई सांगत होती, आता पाय सैल सोडा, आता पोट सैल सोडा. चार महिने जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं! बाई जबड्यापर्यंत पोचायच्या आत मी गाढ झोपलो. मायलेकी दार लोटून शेजारणीकडे साडी नेसायला गेल्या.

आणि नेमका त्या दिवशी घोडबंदर रोड रिकामा होता! पाहुणे चारलाच दारात. बेल वाजवून कोणी येईना, म्हणून त्यांनी दार ढकललं.

बायको परत आली तेव्हा चार पाहुणे माझ्याभोवती मांडी घालून, मान खाली घालून बसले होते. मुलाची आत्या तर फारच कर्तव्यदक्ष. आमच्या देवघरात माझ्या आईने काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू होता, घरातल्या कुणाच्या शेवटच्या घोटासाठी जपलेला. आत्याने तो फोडला, माझा मास्क बाजूला केला आणि चमचाभर पाणी तोंडात घातलं.

मी ठसकत उठून बसलो. समोर चार अनोळखी चेहरे. यजमान म्हणून काहीतरी बोलणं भाग होतं.

"पोहे घेतलेत का?" मी विचारलं.

आत्याच्या हातातून चमचा पडला. बायकोने अ‍ॅप्निया, मास्क, सराव, सगळं समजावून सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. मुलाचे वडील गहिवरून म्हणाले, "वहिनी, आमच्यापासून काही लपवू नका. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय. पुढच्याच महिन्यात उरकून टाकू, ह्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. दारात अर्धवट नेसलेल्या साडीत केतकी उभी होती. तिने माझ्याकडे फक्त बघितलं. मी मुकाट्याने पुन्हा आडवा झालो.

लग्नाला आता वर्ष होईल. मास्क रोज लावतो, झोप उत्तम लागते, तब्येत ठणठणीत आहे. फक्त व्याह्यांचा फोन आला की उचलण्याआधी दोनदा खोकून घ्यावं लागतं.